काळ्या किनाऱ्यावरची रानफुलं

मंडळी, १९९२ चा 'एलियन ३' पाहिलाय का? त्यात सुरुवातीला एक भकास, काळपट किनारा दिसतो, अगदी परग्रहावरचा वाटावा असा. तो सेट नव्हता! इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम परगण्यात डॉडन नावाचं गाव आहे, तिथला तो खराखुरा समुद्रकिनारा. १९७१ च्या 'गेट कार्टर'चा शेवटही याच पट्ट्यात, ब्लॅकहॉलला घेतलाय. वरून बादल्या सरकत येतायत आणि खाणीतला राडारोडा थेट समुद्रात ओततायत... तेही खरंच होतं.

इथल्या खाणी समुद्राच्या तळाखालून दगडी कोळसा काढायच्या. कोळसा विकला जायचा. सोबत निघालेला दगड-माती मात्र वर्षानुवर्षं किनाऱ्यावर टाकली जायची, कारण तेच सगळ्यात स्वस्त होतं. पुढे खाणी बंद पडत गेल्या. हॉर्डन १९८७ मध्ये, डॉडन १९९१ मध्ये आणि ईझिंग्टन १९९३ मध्ये. १९८८ साली नॅशनल ट्रस्टने हॉर्डनचा किनारा विकत घेतला. किंमत किती? फक्त एक पौंड! त्याहून जास्त किंमत कोण देणार होतं म्हणा.

१९९७ ते २००२ या काळात 'टर्निंग द टाइड' नावाचा प्रकल्प झाला. खर्च सुमारे एक कोटी पौंड. ईझिंग्टन आणि हॉर्डनच्या किनाऱ्यांवरून तेरा लाख टनांच्या आसपास राडारोडा उचलला. उरलेला समुद्राच्या लाटांवर सोडून दिला. कड्यांवरच्या काही शेतजमिनी पुन्हा गवताळ केल्या.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. आपल्याला वाटतं, जमीन सुधारायची म्हणजे चांगली माती आणा, खत घाला. रानफुलांचं गणित नेमकं उलटं आहे. सुपीक जमिनीत दांडगं गवत फोफावतं आणि नाजूक रोपांना दाबून टाकतं. जमीन निकृष्ट असेल तर गवताचा जोर कमी पडतो आणि शंभर जातींना जागा मिळते. आपलं कास पठार आठवा: जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, आणि त्यावर तो फुलांचा गालिचा. डरहॅमच्या कड्यांवर चुनखडी आहे, तीही मॅग्नेशियमवाली. त्यावर ऑर्किड, काउस्लिप, रॉक-रोझ अशी फुलं येतात. या रॉक-रोझच्या पानांवर 'डरहॅम आर्गस' नावाच्या फुलपाखराच्या अळ्या जगतात. म्हणजे रोप गेलं की फुलपाखरूही गेलं.

हे सगळं छानच आहे, पण एक प्रश्न मला सोडत नाही. ईझिंग्टनची खाण बंद झाली तेव्हा सुमारे १४०० नोकऱ्या गेल्या. याच खाणीत १९५१ च्या स्फोटात ८३ माणसं मेली होती, त्यातली दोन तर बचावासाठी आत उतरलेली. १९८४-८५ च्या संपात इथल्या बायकांनी सार्वजनिक स्वयंपाकघरं चालवून गाव जगवलं. अशा गावाला 'घ्या, आता फुलं बघा' म्हणायचं? नोकरीच्या बदल्यात फुलं हा हिशेब काही जुळत नाही, आणि तो जुळवायचा प्रयत्नही करू नये.

म्हणूनच रानफुलं कोण लावतं याला महत्त्व आहे. ठेकेदाराने यंत्राने बी फवारलं तरी फुलं येतीलच. पण बी पेरायला ना डिग्री लागते, ना ताकद. निवृत्त खाणकामगार, शाळेतली पोरं, व्हीलचेअरवरच्या आजी, गावात नुकतंच राहायला आलेलं परदेशी कुटुंब, सगळ्यांना जमतं ते. शिवाय असं कुरण एकदा पेरून संपत नाही. दरवर्षी गवत कापून बाहेर न्यावं लागतं, नाहीतर ते तिथंच कुजतं आणि जमीन परत सुपीक होते. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज सोपा, मेंटेनन्स अवघड! आणि मेंटेनन्स तेच लोक मनापासून करतात ज्यांना ती जागा आपली वाटते.

ईझिंग्टनच्या खाणीची जागा आज हिरवीगार आहे. टेकडीवर मात्र माणसांना खाली नेणारा लोखंडी पिंजरा मुद्दाम उभा ठेवलाय. मला हे फार पटलं. गवत उगवलं म्हणून खाली काय होतं ते विसरायचं नाही.

असो. 'एलियन ३' पुन्हा पाहाल तेव्हा तो किनारा जरा थांबून बघा. आज तिथं लोक फिरायला जातात.