टिनावरचा दगड आणि मोटारीचा पंख

वैशाखात आपल्या वऱ्हाडात वावधान सुटले म्हणजे काय होते, हे मी तुम्हांला सांगायला नको. धुळीने आभाळ लाल होते, कवाडे आपटू लागतात आणि घरधनी आधी छपराकडे पाहतो. मूर्तिजापुरात काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, टिनाच्या छपरावर मोठमोठे दगड ठेवलेले तुम्हांला दिसतील. ते का ठेवले, असे पोराला विचारले तर ते चटकन सांगेल, "वाऱ्यानं उडू नये म्हणून." उत्तर बरोबर आहे. पण त्याला पुढचा प्रश्न विचारून पाहा. वारा तर आडवा वाहतो. मग टिन वर का उचलले जाते?

मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्रांत मला फारशी गती नाही. पण हा प्रश्न एका मोटारीच्या निमित्ताने माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मला एका वस्तूचा इतिहास सापडला. तोच आज तुम्हांला सांगायचा आहे.

झाले असे. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला नोकरी करतो. त्याने हौसेने एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली. दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून धावणारी. घरच्या लग्नाला तो ती घेऊन आला आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी केली. रात्री वादळ झाले. फांदी मोडली ती नेमकी गाडीच्या पाठीवर पडली. डिकीच्या झाकणावर जो आडवा पंखासारखा भाग असतो, ज्याला स्पॉइलर म्हणतात, त्याचे दोन तुकडे झाले. पोरगा हिकमती. त्याने तसाच नवा भाग मागवून घेतला आणि घरीच बसवायला घेतला. जुना काढताना मात्र एका बोल्टाचे आटे गेले. तेव्हा त्याने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली आणि तिच्यावर काम भागवायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला निघायचे होते.

शेजारचे मिस्त्री ओट्यावर बसून हे पाहत होते. त्यांचे वडील आपल्या छोट्या गाडीच्या, म्हणजे शकुंतलेच्या शेडात कामाला होते. मिस्त्री म्हणाले, "काऊन बापू, टेपानं चिकटवून राह्यला काय?"

"काका, शोभेचंच तर आहे ते. राहते चिकटून."

मिस्त्री हसले. "शोभेचं असतं तं कंपनीनं त्याले चार बोल्ट काऊन देले असते?"

श्रोतेहो, या एका प्रश्नाने त्या दिवशीचे काम थांबले. पोराने माझ्याकडे पाहिले. मलाही उत्तर येत नव्हते. ते मी शोधले.

आधी वेगाचा हिशेब समजून घेऊ. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी शकुंतला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले. १९२३ साली ते कामाला लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. शेवटच्या काळात ही गाडी ताशी वीसेक किलोमीटरने चाले. त्या वेगाला वारा म्हणजे खिडकीतून येणारा गारवा, एवढेच. आता ती गाडी बंद आहे आणि आपल्या दारावरून जाणारे रस्ते पार बदलून गेले आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. त्याच्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे.

वीस आणि एकशेवीस. वेग सहापट झाला. वाऱ्याचा जोर किती वाढला? सहापट नव्हे, छत्तीस पट. कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो आणि वेग तिप्पट झाला की नऊपट. शिक्षकबंधूंनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. शकुंतलेच्या खिडकीत जो गारवा होता, तोच समृद्धीवर पहिलवान होऊन उभा राहतो.

आता टिनाकडे परत येऊ. वारा छपरावरून जाताना त्याचा वेग वाढतो आणि वरचा दाब कमी होतो. घरातली हवा मात्र शांत असते, तिचा दाब तसाच राहतो. ती खालून रेटा देते आणि टिन उचलले जाते. वर्गात हे करून दाखवायला पैसाही लागत नाही. कागदाची एक पट्टी खालच्या ओठाशी धरा, तिचे दुसरे टोक खाली लोंबू द्या आणि तिच्या वरच्या बाजूने जोराने फुंका. पट्टी खाली न दबता वर उचलली जाईल.

मोटारीची पाठही अशीच फुगीर असते. वारा टपावरून उतरत्या पाठीवर घसरत जातो, तिथला दाब कमी होतो आणि भर वेगात गाडीचा मागचा भाग हलका होऊ लागतो. मागची चाके रस्त्याला टेकलेली असतात खरी, पण त्यांची पकड सुटत जाते. अशा वेळी वळण घ्यावे लागले किंवा एकाएकी ब्रेक दाबावा लागला तर गाडीची पाठ हातची जाते. स्पॉइलर या शब्दाचा अर्थच मुळी बिघडवणारा असा आहे. तो बिघडवतो वाऱ्याचा डाव. पाठीवरून सरळ घसरत जाणाऱ्या वाऱ्याला तो शेवटी अडवतो, त्यामुळे झाकणावरचा दाब वाढतो आणि उचल कमी होते. म्हणजे आपण टिनावर जो दगड ठेवतो, तोच हा दगड. फक्त तो वाऱ्याचाच केलेला आहे. गाडी उभी असताना त्याला वजन नाही. वेग वाढेल तसे वजन चढते.

ही युक्ती माणसाला एका दिवसात सुचली नाही. १९५६ साली मिखाएल मे नावाच्या एका तरुण स्विस अभियंत्याने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग येथे आपल्या पोर्शे गाडीवर उलटा पंख बसवून आणला. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच पालथा केला तर तो खाली दाबील, असा त्याचा साधा विचार. पण आयोजकांनी तो पंख शर्यतीत चालू दिला नाही. पुढे १९६१ साली फेरारीच्या शर्यतीच्या गाडीला मागे छोटीशी आडवी पट्टी लागली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या जिम हॉलने चॅपारल नावाच्या गाडीवर उंच खांबांवर भला मोठा पंख उभारला. मग तर सगळ्यांनाच पंख हवे झाले.

आणि इथेच घात झाला. ४ मे १९६९ रोजी स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात माँजुइकच्या टेकडीवर मोठी शर्यत होती. लोटस संघाच्या दोन गाड्या ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट हे दोन नामांकित चालक चालवत होते. दोघांच्याही गाड्यांवर उंच, सडपातळ खांबांवरचे पंख होते. शर्यत रंगात असताना आधी एकाचा पंख मोडला आणि मग दुसऱ्याचा. दोन्ही गाड्या रस्त्याच्या कडेच्या लोखंडी कठड्यांवर आदळल्या. हिल बचावला, रिंट जखमी झाला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, मोनॅकोच्या शर्यतीच्या वेळी, उंच पंखांवर बंदी आली. जी वस्तू गाडीला जमिनीवर दाबून धरीत होती, ती अचानक निघाली की गाडी आधीपेक्षाही बेभरवशाची होते, हा धडा त्या दिवशी मिळाला. पंख नसलेली गाडी आणि पंख निखळलेली गाडी यांत फरक आहे. पंख नसेल तर चालक जपून चालवतो. पंख आहे या भरवशावर चालवताना तो निखळला तर सावरायला वेळच मिळत नाही.

उलट बाजूचा धडा रस्त्यावरच्या साध्या गाडीने दिला. १९७२ साली पोर्शेने एका गाडीच्या मागच्या झाकणालाच बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा दिला. पुष्कळांना ती ऐट वाटली. पुढे १९९८ साली ऑडी टीटी ही गोलसर पाठीची देखणी गाडी बाजारात आली, तिला मागे काहीच नव्हते. जर्मनीतल्या अतिवेगाच्या रस्त्यांवर या गाड्यांना अपघात झाले, काही माणसे दगावली. तेव्हा १९९९ च्या अखेरीपासून कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांना मागे छोटा स्पॉइलर बसवला आणि चाकांची व तोल सांभाळण्याची व्यवस्थाही सुधारली. एवढीशी पट्टी, पण तिच्यासाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

संध्याकाळी हे सारे मी पोराला सांगितले. तो गप्प झाला. मग म्हणाला, "सर, म्हणजे टेप सुटली असती तर..."

मिस्त्रींनी वाक्य पुरे केले. "तुह्या गाडीचं काय झालं असतं ते तू पाह्यलं असतं. पन कारंज्याच्या रस्त्यानं तुह्या मांगून फटफटीवर एखादा मानूस, त्याची बायको अन् लेकरू येत असतं, तं?"

श्रोतेहो, घरी दुरुस्ती करू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या गावांत नांगराचा फाळ, गाडीचे आरे, मोटेचे चाक घरीच किंवा सुताराच्या अंगणात दुरुस्त होत आले. त्यामुळेच वस्तूची विद्या आपल्या हाती राहिली. ते कामही दुसऱ्या दिवशी अंगणातच झाले. कसे झाले तेही सांगतो, कारण रीत समजली की ती इतर कामांतही उपयोगी पडते.

आधी डिकीच्या झाकणाचे आतले अस्तर काढले. तिथे नटांची जागा दिसते. ब्रेकच्या तिसऱ्या दिव्याची तार स्पॉइलरातून जात होती, ती ओढून न तोडता जोडापासून सोडवली. रंगावर ओरखडा येऊ नये म्हणून भोवती कागद चिकटवला. जुना गोंद सुटेना, तेव्हा मिस्त्रींनी पतंगाच्या दोऱ्यासारखा नायलॉनचा धागा मागेपुढे करवतीसारखा चालवून तो कापला. भोकांच्या कडेला गंज होता. तो घासून, रंगाचा हात देऊन वाळवला. आटे गेलेला बोल्ट टाकून त्याच मापाचा नवा आणला. मग नवा भाग नुसता ठेवून दोन्ही टोकांची अंतरे दोऱ्याने मोजली. खाली रबराच्या चकत्या घातल्या, नाहीतर पावसाचे पाणी डिकीत उतरते. चारही नट आधी हाताने बसवले आणि मग पान्याने थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. जोर करून एकच नट आवळला की भाग तडकतो. शेवटी एकाने ब्रेक दाबला, दुसऱ्याने मागे उभे राहून दिवा पाहिला. गोंद वाळायला एक दिवस लागतो, म्हणून जाणे आणखी एका दिवसाने पुढे गेले. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायला मिस्त्रींनी बजावले.

पोराला या निमित्ताने मोठा, उंच पंख लावावा असेही वाटून गेले होते. मिस्त्रींनी त्याला बैलगाडीचा दाखला दिला. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा जोर फुकट जातो. मोटारीचेही तेच. पाठीवर नको इतका दाब आला की पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकत नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करू देत नाही. मोडलेल्या भागाच्या जागी तसाच भाग बसवणे ही दुरुस्ती. नवा अवतार चढवणे ही निराळी गोष्ट.

आपल्या घरांत असे अनेक भाग असतात जे बिनकामाचे वाटतात. मळणी यंत्राच्या पट्ट्यावरचे जाळीचे झाकण, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावरचे आवरण, ट्रॉलीच्या मागची लाल काच. ते निघाले की आपण म्हणतो, राहू द्या, त्याच्यावाचून काही अडत नाही. अडत नाही हे खरे. एक दिवस मात्र घडते. त्या झाकणामागेही कुठल्या तरी माँजुइकची हकीगत असते, फक्त ती आपल्याला कोणी सांगितलेली नसते. ती शोधणे आणि मुलांना सांगणे, एवढे तरी आपण शिक्षकांनी करावे.

तिसऱ्या दिवशी पहाटे पोरगा निघाला. मिस्त्री ओट्यावर उभे होते. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि आत जाता जाता ते स्वतःच्या छपराकडे पाहून थांबले. परवाच्या वादळात कोपऱ्यातला एक दगड सरकला होता. त्यांनी शिडी मागवली.