मालमोटारचालन शिक्षण, नासिक परिसरातील
मालमोटारचालन शिक्षण, नासिक परिसरातील : हाताने दंतचक्रे म्हणजे गिअर बदलावे लागणारी अवजड मालमोटार चालविण्याची विद्या आणि ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाण्याची रीत. मुंबई–आग्रा रस्त्यावरील नासिक जिल्ह्यात या विद्येला विशेष महत्त्व आले, कारण या जिल्ह्यातील शेतमालास मुंबईच्या बाजारपेठेत पोहोचण्यासाठी सह्याद्रीची कड उतरावी लागते. इगतपुरी आणि कसारा यांमधील थळ घाट, ज्यास कसारा घाट असेही म्हणतात, हा या वाटेवरील अवघड टप्पा होय. सपाट रस्त्यावर गिअर चुकल्यास यंत्राची झीज होते. घाटात तो चुकल्यास चालकाचे व इतरांचे प्राण धोक्यात येतात. त्यामुळे गिअर बदलण्याचे कौशल्य हीच येथे दीर्घकाळ चालकाची खरी परीक्षा मानली गेली.

तंत्र : अंतर्ज्वलन एंजिन ठराविक फेऱ्यांच्या मर्यादेतच पुरेसा जोर देऊ शकते. गाडी जागची हलविताना किंवा चढावर चाकांना जोर अधिक व वेग कमी लागतो. सपाटीवर याच्या उलट स्थिती असते. एंजिन व चाके यांतील हे प्रमाण बदलण्यासाठी गिअरपेटी योजतात. १८९० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पानार व लव्हासॉर यांनी रूढ केलेल्या रचनेत दंतचक्रे दांड्यावरून सरकवून एकमेकांत अडकविली जात. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन दंतचक्रे अशी भिडविल्यास दात एकमेकांवर घासून कर्कश आवाज होतो व प्रसंगी दात तुटतात. पुढे दंतचक्रे कायम एकमेकांत गुंतलेली ठेवून त्यांना दांड्याशी जोडणारी खाचेदार कडी तेवढी सरकविण्याची पद्धत आली. तीमुळे दात तुटण्याचे प्रमाण कमी झाले, तरी दोन्ही भागांच्या गती जुळविण्याचे काम चालकाकडेच राहिले.

ही जुळणी करण्याच्या रीतीला चालक ‘डबल क्लच’ म्हणतात. वरचा गिअर टाकताना क्लच दाबून दांडी मधल्या स्थितीत म्हणजे न्यूट्रलमध्ये आणतात, क्लच सोडतात, एंजिनाच्या फेऱ्या पुरेशा उतरू देतात आणि पुन्हा क्लच दाबून वरचा गिअर टाकतात. खालचा गिअर टाकणे अधिक कठीण असते. त्यासाठी न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर पायाने ‘रेस’ देऊन एंजिनाच्या फेऱ्या मुद्दाम वाढवाव्या लागतात. समजा, चौथ्या गिअरमध्ये चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या एका फेरीमागे एंजिनाच्या दीड आणि पाचव्यात एक फेरी होते. अशा वेळी पाचव्या गिअरमध्ये एंजिन मिनिटाला १,२०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर चौथा गिअर आवाज न होता पडण्यासाठी या फेऱ्या १,८०० पर्यंत न्याव्या लागतात. चढावर गाडीचा वेग क्षणाक्षणाला घटतो आणि उतारावर तो वाढतो. म्हणून ही जुळणी एखाददुसऱ्या सेकंदात साधावी लागते. फेऱ्या मोजण्याचे साधन बहुतेक जुन्या गाड्यांत नव्हते. एंजिनाचा आवाज ऐकून, तसेच डाव्या हातातील दांडीच्या थरथरीवरून व पायाखालील पत्र्याच्या कंपनांवरून हा अंदाज घेतला जाई. या कारणाने ही विद्या पुस्तकातून शिकविणे अवघड ठरले.

घाटाची कसोटी : कसारा ते इगतपुरी या टप्प्यात जमिनीच्या उंचीत सु. ३०० मी. फरक पडतो. १८६५ मध्ये खुल्या झालेल्या येथील लोहमार्गाचा चढ ३७ ला १ इतका तीव्र असल्याने गाड्यांना मागून जादा एंजिने जोडावी लागत आली आहेत. रस्त्यावरील मालमोटारीस असे साहाय्य नसते. चढावर गिअर चुकला, तर भरलेली गाडी थांबते आणि मागे घरंगळू लागते. अशा वेळी सहायकाने उडी मारून चाकामागे दगड किंवा लाकडी ठोकळा लावणे हाच तातडीचा उपाय असे.

उतार मात्र चढापेक्षाही घातक असतो. १६ टन एकूण वजनाची गाडी ३०० मी. खाली उतरते, तेव्हा सु. ४७ मेगॅजूल ऊर्जा मोकळी होते. ३०° से. तापमानाचे सु. १६० लि. पाणी उकळीला आणण्यास ती पुरेशी आहे. टायरांचा व हवेचा रोध यांत तिचा काही भाग जिरतो. उरलेला एंजिनाने किंवा ब्रेकांनी शोषून घ्यावा लागतो. खालच्या गिअरमध्ये गाडी असल्यास एंजिनच तिला मागे ओढून धरते. वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये असल्यास सर्व भार ब्रेकांवर येतो. ते तापतात, त्यांच्या अस्तरांची पकड कमी होते आणि पायाखालचे पेडल निरुपयोगी ठरते. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक वारंवार दाबल्यास टाकीतील दाबही घटतो. त्या क्षणी खालचा गिअर टाकण्याचा प्रयत्न केला, तर गाडीचा वेग एंजिनाच्या मर्यादेपलीकडे गेलेला असल्याने तो पडत नाही आणि दांडी न्यूट्रलमध्येच अडकते. म्हणूनच ‘ज्या गिअरने चढायचे, त्याच गिअरने उतरायचे’ हा जुन्या चालकांचा दंडक होता व गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा, यावर त्यांचा कटाक्ष असे.

नासिककडील वाहतुकीचे स्वरूप हा धोका वाढविणारे होते. लासलगावचा कांदा, निफाड व पिंपळगाव बसवंत भागांतील द्राक्षे व टोमॅटो हा माल वरून खाली मुंबईकडे जातो. म्हणजे गाडी सर्वाधिक भरलेली असते ती नेमकी घाट उतरताना. माल नाशवंत असल्याने पहाटेच्या लिलावापूर्वी पोहोचण्याची घाई असते आणि प्रवास बहुधा रात्री होतो. याशिवाय डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना जडली. एंजिन बंद करून उतरणाऱ्या चालकास तर ब्रेकांसाठी लागणारी हवाही नव्याने मिळत नसे. वाचलेल्या काही लिटर डिझेलाचा लाभ मालकास किंवा चालकास होई. जोखीम मात्र गाडीतल्या माणसांची व समोरून येणाऱ्यांची असे. चांगल्या उस्तादाची पारख शिष्याला ही सवय लागू न देण्यावरून होई.

इतिहास : मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मोटारींची जुळणी सुरू केली आणि अमेरिकी बनावटीच्या मालमोटारी पश्चिम भारतातील रस्त्यांवर अधिक संख्येने दिसू लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या वापरातून काढलेल्या फोर्ड, शेव्हर्ले, डॉज इ. गाड्या खाजगी वाहतूकदारांच्या हाती आल्या. नासिकजवळील देवळाली हे ब्रिटिश काळापासून मोठे लष्करी ठाणे होते. स्वातंत्र्यानंतर तेथे तोफखान्याचे विद्यालय आणि नासिक रोड येथे तोफखाना केंद्र स्थिर झाले. तोफा ओढणाऱ्या व दारूगोळा वाहणाऱ्या गाड्यांचे चालक तयार करणे हा सैनिकी शिक्षणाचा आवश्यक भाग असल्याने शिस्तबद्ध चालनशिक्षणाची एक परंपरा या परिसरात नांदत आली. सैन्यातून निवृत्त झालेला चालक मुलकी वाहतुकीत विश्वासू समजला जाई.

१९५४ मध्ये टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने जर्मनीतील डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेटपूर येथे डिझेल मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. हा करार १९६९ मध्ये संपला. मद्रासच्या अशोक मोटर्सचे रूपांतर १९५५ मध्ये अशोक लेलँडमध्ये झाले. या दोन कारखान्यांच्या गाड्यांनी पेट्रोलवरील जुन्या मालमोटारींची जागा घेतली. डिझेल एंजिन अधिक जड असून त्याच्या फेऱ्या सावकाश उतरतात व त्यांची मर्यादाही कमी असते. त्यामुळे पेट्रोल गाडीवर हात बसलेल्या चालकास गिअर बदलण्याचा ताल पुन्हा शिकावा लागला. याच काळात सातपूर येथील औद्योगिक वसाहत, ओझरचा विमान कारखाना व विस्तारत गेलेल्या कृषि उत्पन्न बाजार समित्या यांमुळे नासिकची मालवाहतूक वाढली आणि चालकांची मागणीही वाढली.

किन्नर ते चालक : ही मागणी प्रामुख्याने गाडीवरील उमेदवारीने भागविली. क्लीनर म्हणून, बोली भाषेत ‘किन्नर’ म्हणून, पोरवयात लागलेला मुलगा गाडी धुणे, पाणी व तेल पाहणे, टायर ठोकून हवा अजमावणे, ताडपत्री बांधणे आणि डाव्या बाजूची वाहतूक सांगणे ही कामे करी. त्याची पहिली शाळा म्हणजे कान. कोणत्या चढावर एंजिनाचा आवाज कोठे जड होतो आणि उस्तादाचा हात दांडीकडे केव्हा जातो, हे तो महिनोन्‌महिने पाहत असे. नंतर आवारात गाडी मागेपुढे करणे, रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालविणे, भरलेली गाडी चालविणे, घाट चढणे आणि सर्वांत शेवटी भरलेल्या गाडीने घाट उतरणे असा क्रम असे. हा शेवटचा टप्पा पार पडल्यावरच त्याला चालक म्हणून मान मिळे.

या पद्धतीचे गुण व दोष दोन्ही ठळक आहेत. शिष्याला प्रत्यक्ष रस्त्याचा दीर्घ अनुभव मिळे आणि शुल्क द्यावे लागत नसे. परंतु वेतन अत्यल्प, झोप अपुरी आणि शिक्षण सर्वस्वी उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असे. उस्तादाच्या चुकाही शिष्याकडे तशाच उतरत. पुष्कळदा परवाना मिळण्यापूर्वीच, चालकाला डुलकी लागते म्हणून, मुलाच्या हाती रात्री चाक दिले जाई. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ याने चालकाबरोबर क्लीनरलाही कामगार मानून दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तथापि हा कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. एकदोन गाड्या बाळगणारे मालक बहुसंख्य असल्याने, ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज होती तेच त्याबाहेर राहिले.

कायदा व औपचारिक शिक्षण : भारतात मोटार वाहनविषयक कायदे १९१४, १९३९ व १९८८ मध्ये झाले. १९८८ च्या अधिनियमानुसार परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि शिकाऊ परवान्यापूर्वी किमान एक वर्ष हलक्या मोटार वाहनाचा परवाना असावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील चालनचाचणीत उतारावर त्वरित खालचा गिअर टाकणे आणि तीव्र चढावर गाडी थांबवून ती मागे न घसरता पुन्हा चालू करणे, या दोन्ही कृतींचा समावेश आहे. घाटातील चालकांनी अनुभवाने ठरविलेले दंडक अशा रीतीने नियमांत आले. मात्र चाचणी बहुधा सपाट मैदानावर व रिकाम्या वाहनावर होत असल्याने नियम व व्यवहार यांत अंतर राहिले.

परिवहन वाहनाच्या चालकाने आठवी उत्तीर्ण असावे ही अट २०१९ मध्ये रद्द झाली. या अटीमुळे हातात कौशल्य असूनही शाळा लहानपणीच सुटलेल्या अनेक किन्नरांना परवान्याचा मार्ग बंद होता. २०२१ पासून लागू झालेल्या मान्यताप्राप्त चालन प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांत अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरविण्यात आला. १९४८ मध्ये सुरू झालेली राज्य परिवहन सेवा आपल्या चालकांना नेमणुकीपूर्वी स्वतंत्र प्रशिक्षण देते. २०२३ मध्ये तिच्या बसगाड्यांवर महिला चालक प्रथमच रुजू झाल्या. उस्ताद–किन्नर परंपरेत स्त्रियांना शिरकावच नव्हता. औपचारिक शिक्षणामुळे तो मिळू शकला.

बदलते तंत्र : गती आपोआप जुळविणारी ‘सिंक्रोमेश’ रचना १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली. तीत शंकूच्या आकाराचे घर्षणपृष्ठ दोन भागांच्या गती आधी सारख्या करते व मग दात अडकतात. अवजड वाहनांत ती उशिरा रुळली. भारतीय मालमोटारींत १९८० नंतरच्या दशकांत ती क्रमाक्रमाने सार्वत्रिक झाली आणि डबल क्लचची नित्य गरज संपली. उत्तर अमेरिकेत मात्र दहा ते अठरा गिअरांच्या, सिंक्रोमेश नसलेल्या पेट्या लांब पल्ल्याच्या मालमोटारींत पुढेही टिकल्या व तेथील नवशिक्यांना हेच कौशल्य शिकावे लागत राहिले. धूर बाहेर जाण्याची वाट अडवून एंजिनाचा रोध वाढविणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकने उतारावर मोठे साहाय्य होते. एकविसाव्या शतकात गिअर स्वतःच बदलणाऱ्या पेट्याही अवजड वाहनांत आल्या.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावरील सु. ८ किमी. लांबीच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळून सह्याद्री ओलांडता येतो. तरीही जुन्या महामार्गावरील मालवाहतूक थांबलेली नाही. चांदवडजवळील राहूड घाट, सिन्नरजवळील मोहदरी घाट आणि पेठ रस्त्यावरील सावळ घाट यांतूनही भरलेल्या गाड्या जातच असतात. यंत्राने गती जुळविण्याचे काम पत्करले असले, तरी उतार सुरू होण्यापूर्वी वेग कमी करून योग्य गिअर निवडण्याचा निर्णय चालकाचाच राहतो. न्यूट्रलमध्ये सोडलेली नवी गाडीही जुन्या गाडीइतकीच अनावर होते. हात व कान यांचे जुने कौशल्य मागे पडत असता त्यामागील सावधपणा नव्या शिक्षणक्रमात टिकवून धरणे, हा या विषयातील महत्त्वाचा प्रश्न होय.