सालदार बॉक्सर आणि रशियाची क्रांती

जॉर्ज ऑर्वेलचं ‘ॲनिमल फार्म’ आपल्या पोरांच्या हातात येतं ते कॉलेजातल्या इंग्रजीच्या तासाला, आणि तेही गाईडातून. गाईडात लिहिलेलं असतं, म्हातारा मेजर म्हणजे मार्क्स-लेनिन, नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की. दहा मार्कांचं उत्तर झालं. त्या गोष्टीमागं खरी माणसं मेली, खरी जमीन गेली, ते गाईडात नसतं. मला त्याबद्दलच लिहायचं आहे. ज्याच्या नावावर सातबाऱ्यात एक गुंठा नाही त्याला क्रांती हा शब्द परीक्षेपुरता नसतो.

गोष्ट साधी आहे. दारुड्या जोन्स मालकाला जनावरं वाड्यातून हाकलतात आणि भिंतीवर सात नियम लिहितात. पण नीट वाचता येतं डुकरांना. बाकीच्यांना चार-दोन अक्षरं. मग रात्रीतून एकेक नियम बदलत जातो, आणि सकाळी कोणी शंका काढली की स्क्वीलर नावाचा भाषणबाज डुक्कर सांगतो, पहिल्यापासून असंच होतं. शास्त्र कोणी लिहिलं, कोणी वाचलं आणि दुसऱ्याच्या वाचण्यावर कोणी बंदी घातली, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. बेंजामिन नावाच्या गाढवाला मात्र वाचता येतं, तरी तो गप्प बसतो. नोकरी लागल्यावर वस्ती सोडून गेलेली आपली काही शहाणी माणसं इथं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आता रशिया. ७ नोव्हेंबर १९१७ ला बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं की जमीनदारांची जमीन बिनमोबदला कसणाऱ्याकडं जाईल. आपल्याकडं गायरानाच्या, पडिताच्या तुकड्यासाठी दादासाहेब गायकवाडांना १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला सत्याग्रह करावा लागला, हजारोंनी तुरुंग भरले. तिथं एका रात्रीत कागद निघाला. ही ओढ खोटी नव्हती. महाडच्या सत्याग्रहात राबलेले आर. बी. मोरे १९३० ला कम्युनिस्ट झाले ते काही वेड लागून नाही. बाबासाहेबांनीही ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईच्या गिरणी कामगारांचा एक दिवसाचा संप केला होता.

पण त्या कागदाचं पुढं काय झालं? मार्च १९२१ मध्ये क्रोनस्टाटच्या खलाशांनी, म्हणजे क्रांतीच्याच शिपायांनी, सोव्हिएतच्या मोकळ्या निवडणुका मागितल्या. त्यांच्यावर तोफा चालल्या. लेनिन १९२४ ला गेला. ट्रॉट्स्कीला १९२९ ला देशाबाहेर काढलं आणि १९४० ला मेक्सिकोत मारलं. आणि १९२९ पासूनच शेतकऱ्याला दिलेली जमीन सामुदायिक शेताच्या नावाखाली परत घेतली गेली. कित्येकांनी आपली ढोरं सरकारला देण्यापेक्षा कापून टाकली. पुस्तकात कोंबड्या आपली अंडी फोडतात आणि नेपोलियन त्यांचा दाणा बंद करतो, ते हेच. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि इतर भागांत मिळून ५० लाखांच्या वर माणसं मेली. धान्य मात्र त्याही काळात परदेशी जात होतं. हा दुष्काळ पावसाचा नव्हता, वसुलीचा होता.

त्यानंतर कबुलीजबाबांचे दिवस आले. जुने बोल्शेविक कोर्टात उभे राहून सांगू लागले की आम्ही फितूर आहोत. सोव्हिएत कागदपत्रांप्रमाणेच १९३७-३८ या दोन वर्षांत ६ लाख ८० हजारांवर माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत आपल्या देशाचे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायही होते, सरोजिनी नायडूंचे सख्खे भाऊ. इंग्रजांच्या हाती आयुष्यभर लागले नाहीत, मेले ते रशियात. पुढं १९३९ ला स्टॅलिननं हिटलरशीच करार केला.

पुस्तकातला बॉक्सर घोडा आहे, पण मी त्याला सालदार म्हणतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव-मलकापूरकडच्या काळ्या रानात, वर्षाच्या बोलीवर मालकाच्या घरी राबणारा माणूस ज्यानं पाहिला त्याला बॉक्सर समजावून सांगायला नको. त्याला दोनच गोष्टी येतात. जास्त राबायचं, आणि पुढारी म्हणेल ते खरं मानायचं. रशियात १९३५ ला स्टाखानोव्ह नावाच्या खाणकामगारानं एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचा गाजावाजा झाला आणि मग सगळ्यांच्याच डोक्यावर कामाचा बोजा चढला. बॉक्सर पडतो तेव्हा डुकरं त्याला खाटकाला विकतात आणि आलेल्या पैशाची दारू पितात. वर सांगतात, दवाखान्यात गेला, शेवटपर्यंत पुढाऱ्याचं नाव घेत होता. मेलेलं जनावर ओढायचं काम आपल्या आज्या-पणज्यांनी महाडनंतर सोडलं. बॉक्सरला तर जिवंतपणीच गाडीत घातलं.

विहारातल्या अभ्यासवर्गात मी हे सांगितलं तेव्हा एका पोरानं विचारलं, ‘मंग जोन्सच बरा होता काय?’ प्रश्न लाखाचा आहे. भांडवलदारांना हेच उत्तर पाहिजे असतं. १९५४ ला या पुस्तकाचं कार्टून निघालं, त्याला अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता, आणि शेवट बदलला गेला. मूळ पुस्तकात डुकरं आणि माणसं एका टेबलावर पत्ते खेळतात आणि कोण डुक्कर, कोण माणूस ते ओळखू येत नाही. सिनेमातून ती माणसं गायब! ऑर्वेल समाजवादीच होता. स्पेनमध्ये फॅसिस्टांविरुद्ध लढताना त्याच्या गळ्यात गोळी घुसली, आणि तिथंच त्यानं स्टॅलिनवाल्यांनी आपल्याच बाजूच्या कामगारांची धरपकड केलेली पाहिली. १९४१ ते ४३ तो लंडनच्या बीबीसीवर हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करायचा. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तिथं त्याच्या सहकारी होत्या. पुस्तक १९४४ ला लिहून झालं तर ते छापायला कोणी तयार होईना, कारण स्टॅलिन तेव्हा इंग्लंडचा दोस्त होता. निघालं ऑगस्ट १९४५ मध्ये.

बाबासाहेबांना ही कहाणी डुकरांशिवायच दिसली होती. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं की राजकारणातली भक्ती माणसाला हुकूमशाहीकडं नेते. १९५६ च्या फेब्रुवारीत ख्रुश्चेव्हनं स्टॅलिनची पापं पक्षापुढं वाचली, आणि त्याच ख्रुश्चेव्हचे रणगाडे ४ नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये कामगारांवर गेले. त्यानंतर सोळा दिवसांनी काठमांडूत बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले. दुःख आणि शोषण संपवायचं, इथंवर दोघांचं जुळतं. मार्क्सची राख झाली तरी थोडा विस्तव शिल्लक आहे आणि तो मोलाचा आहे, असं त्यांनी आपल्या निबंधात मानलं. मार्गावर मात्र ते अडले. हुकूमशाही थोड्या दिवसांची म्हणता, तर ती जाणार कधी आणि तिच्या जागी येणार काय, हा त्यांचा प्रश्न होता. कम्युनिस्टांकडं त्याला उत्तर नव्हतं.

१९७४ ला पँथर फुटली ती याच भांडणावर, ढसाळ मार्क्सवादी की ढाले बुद्धवादी. सभा झाल्या, पत्रकं निघाली, जिवाभावाचे मित्र तुटले. बाबासाहेबांचा ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हा सबंध निबंध महाराष्ट्र सरकारच्या तिसऱ्या खंडात छापून आला १९८७ साली, पँथर फुटून तेरा वर्षं झाल्यावर.