उबेचा हिशोब

सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी उबवताना माणूस फार काळ एकच आकडा मोजत आला: शंभरातली किती फुटली. तेवढ्यावर यश ठरवणं चूक आहे, हे १९६६ नंतर दिसू लागलं. त्या वर्षी डाकारमध्ये मादलेन शार्निए यांनी आगामा सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानांत ठेवली. २६-२७ अंशांना जवळपास सगळ्या माद्या निघाल्या, २९ अंशांना नर. या प्रयोगावरच्या त्यांच्या छोट्या फ्रेंच टिपणाकडे कितीतरी वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही, आणि त्याची किंमत पुढे कासवांच्या वाट्याला आली. मेक्सिकोतल्या रान्चो नुएवो किनाऱ्यावरची केम्प्स रिडले कासवं झपाट्याने घटत होती. १९८५ पर्यंत त्यांची जेमतेम ७०२ घरटी उरली. त्यांना वाचवण्यासाठी १९७८ पासून दरवर्षी काही अंडी टेक्सासच्या पाद्रे बेटावर नेऊन थर्मोकोलच्या पेट्यांत, वाळूत उबवली गेली. अंडी फुटलीही छान. पण समुद्री कासवांत गणित सरड्याच्या उलट असतं, जास्त उबेला मादी. आणि या पेट्या थंड राहत होत्या. सुरुवातीच्या तुकड्यांत नरांचाच भरणा झाला. म्रोसोव्स्की आणि यन्टेमा या संशोधकांनी १९८० मध्ये नेमका हाच धोका मांडला. पुढे पेट्यांचं तापमान वाढवलं, तेव्हा माद्यांचं प्रमाण सुधारलं.

यावर कुणी म्हणेल, अंडी चोरांच्या नाहीतर प्राण्यांच्या तोंडी जाण्यापेक्षा नर निघाले तरी काय बिघडलं? एका हंगामापुरतं हे खरं आहे. पण कासवाची मादी वयात यायला दहाएक वर्षं लागतात. आजची चूक तेव्हा किनाऱ्यावर दिसते, आणि तोवर तीच चूक वर्षानुवर्षं होत राहिलेली असते. अमेरिका-युरोपात घरी लेपर्ड गेको जातीच्या पाली वाढवणारे हौशी लोक आज ओलसर व्हर्मिक्युलाइटच्या डब्याला थर्मोस्टॅट जोडून २६ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ अंशांना बहुतेक नर असं ठरवून मिळवतात. घरच्या डब्यात पाळली जाणारी ही शिस्त किनाऱ्यावर तर जास्तच हवी. कोकणात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पेटीत न घालता त्याच किनाऱ्यावर, कुंपणातल्या वाळूत पुरली, ही निवड मला अतिशय शहाणपणाची वाटते. तरी हलवलेलं घरटं किती खोल आहे, त्यावर सावली आहे का, यानेही ऊब बदलते. म्हणून कोकणातल्या प्रत्येक उबवणी केंद्राने समुद्रात सोडलेल्या पिल्लांच्या आकड्याशेजारी घरट्याचं रोजचं तापमानही लिहून ठेवावं.