लोखंडातले विरजण

दही लावावयाचे तर आधी दही लागते. कोमट दुधात कालच्या दह्याचा चमचाभर अंश घातला, की सकाळी भांडे भरलेले असते. आणि तो अंश घरात नसेल, तर वाटी घेऊन शेजारी जावे लागते. वीज निर्माण करणाऱ्या यंत्राचेही पुष्कळसे असेच आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. एखाद्या मंडपामागे किंवा दवाखान्याच्या आवारात जनरेटर चालू केला जातो. इंजिन धडधडते, तेल भरपूर असते, तारा जागच्या जागी असतात, पण दिवा काही लागत नाही. यंत्र मोडलेले नसते. त्याच्या लोखंडातले विरजण संपलेले असते. हे विरजण कोणते आणि ते लोखंडात आले कसे, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅराडे याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून विद्युत्प्रवर्तनाचा शोध लावला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने एका मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून सलग प्रवाह मिळवला. जनित्राचा वंश येथून सुरू होतो. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या हिप्पोलाइट पिक्सी याने हाताने फिरवावयाचे यंत्र तयार केले. त्यात नालाच्या आकाराचा कायमचा चुंबक वेटोळ्यांसमोर फिरे. या जातीची यंत्रे वाढत वाढत इतकी मोठी झाली, की ८ डिसेंबर १८५८ रोजी इंग्लंडच्या साउथ फोरलंड दीपगृहात होम्स याच्या यंत्राने विजेचा दिवा लागला. दीपगृहांच्या संस्थेचा शास्त्रीय सल्लागार त्या वेळी फॅराडेच होता. सत्तावीस वर्षांपूर्वी आपल्याच हातून जन्मलेले बाळ कर्ते झालेले पाहण्याचे भाग्य फार थोड्या संशोधकांना लाभते.

तथापि या यंत्रांचे एक दुखणे होते. पोलादाच्या कायमच्या चुंबकाचे बळ बेताचेच. अधिक वीज हवी तर अधिक चुंबक लावावयाचे, म्हणजे यंत्र अवजड होत जावयाचे. मऊ लोखंडाभोवती तार गुंडाळून केलेला विद्युच्चुंबक कितीतरी जोरकस असतो, हे सर्वांना ठाऊक होते; पण त्याला प्रवाह पुरवावा लागतो. वीज करण्यासाठी आधी वीज हवी, असा हा पेच होता. १८६६ मध्ये मँचेस्टरच्या हेन्री वाइल्ड याने त्यातून अर्धी वाट काढली. कायमचे चुंबक असलेले एक लहान यंत्र त्याने मोठ्या यंत्राच्या सेवेस लावले. लहान यंत्राने मोठ्याचे विद्युच्चुंबक चेतवावयाचे आणि मोठ्याने जगाला वीज द्यावयाची.

उरलेली अर्धी वाट पुढील काही महिन्यांतच एकाहून अधिक जणांना सापडली. सॅम्युएल आल्फ्रेड व्हार्ली याने २४ डिसेंबर १८६६ रोजी लंडनमध्ये पेटंटासाठी अर्ज केला. १७ जानेवारी १८६७ रोजी वेर्नर सीमेन्स याचा निबंध बर्लिनच्या अकादमीपुढे मांडला गेला. १४ फेब्रुवारी १८६७ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या एकाच बैठकीत त्याचा भाऊ विल्यम सीमेन्स आणि चार्ल्स व्हीट्स्टन या दोघांचे निबंध वाचले गेले, आणि दोघांचेही सांगणे तेच होते: ते लहान यंत्र काढून टाका, त्याची गरज नाही.

ती गरज का नाही? लोखंड एकदा चुंबकित झाले, की प्रवाह थांबल्यावरही त्यात चुंबकत्वाचा थोडासा अंश राहून जातो. यंत्र फिरू लागले, की त्या क्षीण अंशामुळे वेटोळ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. तीच वीज यंत्राच्या स्वतःच्या विद्युच्चुंबकांभोवती फिरवली, की त्यांचे बळ थोडे वाढते. वाढलेल्या बळाने वीज वाढते, वाढलेल्या विजेने पुन्हा बळ वाढते, आणि लोखंडाची चुंबकत्व घेण्याची ताकद संपत आली, की ही चढण थांबते. अर्थात् यात फुकटचे काही नाही. निर्माण होणाऱ्या विजेची किंमत इंजिन आपल्या श्रमाने चुकती करीत असते. शिल्लक चुंबकत्व देते ती फक्त सुरुवात.

अशा यंत्राला स्वयं-उत्तेजित म्हणण्याची रीत पडली, आणि डायनामो म्हणजे जणू स्वयंभू देवता असा समज रूढ झाला. परंतु ज्या शोधाचे श्रेय सीमेन्स, व्हीट्स्टन आणि व्हार्ली यांच्यात वाटले गेले, तोही स्वयंभू नव्हता. डेन्मार्कच्या सोरेन यॉर्थ याने १८५५ मध्येच ब्रिटिश पेटंट घेतले होते. त्याच्या यंत्रात कायमच्या चुंबकांनी आरंभ करून दिल्यावर यंत्राचाच प्रवाह विद्युच्चुंबकांना बळ पुरवी. हंगेरीतील बेनेडिक्टाइन पंथाचा संन्यासी आणि पेश्तच्या विद्यापीठाचा प्राध्यापक आन्योश येडलिक याच्या यंत्रामागेही हेच तत्त्व होते. त्या यंत्राच्या वापराची सूचना विद्यापीठाच्या साहित्यनोंदीत १८६१ साली लिहिलेली आहे. पण त्याने पेटंट घेतले नाही आणि जगापुढे डांगोराही पिटला नाही. सीमेन्सची थोरवी यामुळे कमी होत नाही. तत्त्वातील व्यावहारिक सामर्थ्य त्याने ओळखले. एवढेच म्हणावयाचे, की शोधांच्या लोखंडातही मागील पिढीचा काही अंश उरलेला असतो, आणि श्रेय वाटताना त्याची आठवण क्वचितच राहते.

लोखंडाच्या या स्मरणशक्तीचा कसून अभ्यास पुढे जेम्स आल्फ्रेड युइंग याने केला. हा स्कॉटिश शास्त्रज्ञ १८७८ ते १८८३ या काळात टोकियोच्या विद्यापीठात शिकवीत होता आणि तेथे भूकंपमापनाबरोबर लोखंडाच्या चुंबकत्वाचेही प्रयोग करीत होता. कारण दूर झाले तरी लोखंडातील परिणाम मागे रेंगाळतो, या वृत्तीला त्याने ‘मागे राहणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हिस्टेरेसिस हे नाव दिले. गंमत अशी, की रोहित्रे बांधणाऱ्यांना हा गुण नकोसा असतो, कारण त्यापायी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जनित्राला मात्र जागे करतो तो हाच दोष.

म्हणून न पेटणाऱ्या जनरेटरची तपासणी करताना जाणता मिस्त्री काही क्रम पाळतो. प्रथम तो पडलेला ब्रेकर पाहतो, मग इंजिनाचा वेग. वेग कमी असला, तर ती चढण सुरूच होत नाही. मग तो व्होल्टमीटर लावतो. काटा दोन-चार व्होल्ट दाखवीत असेल, तर विरजण जिवंत आहे आणि वाट कोठेतरी अडली आहे, असे समजावे: झिजलेला कार्बनचा ब्रश, गंजलेले कडे, निकामी कपॅसिटर किंवा नियंत्रक. काटा हललाच नाही आणि वेटोळीही शाबूत असली, तर चुंबकत्व गेले असा संशय घ्यावयाचा. महिनोन्महिने पडून राहिलेल्या किंवा भार जोडलेला असतानाच तेल संपून बंद पडलेल्या यंत्राचे असे होते. उपाय शेजाऱ्याच्या वाटीचाच. बारा व्होल्टची बॅटरी क्षेत्र-वेटोळ्याला क्षणभर जोडावयाची. मात्र नियंत्रकाच्या तारा आधी सोडवून आणि धन-ऋण टोके नीट ओळखून. टोके उलटी लागली, तर काही यंत्रांत नवा प्रवाह उरलेसुरले चुंबकत्वही पुसून टाकतो. घरी वीज देणाऱ्या टोकांना तर बॅटरी कधीच लावू नये.

हीच अडचण मोठ्या प्रमाणावर आली म्हणजे काय होते, हे ९ नोव्हेंबर १९६५ च्या रात्री अमेरिकेने पाहिले. ईशान्येकडील राज्ये आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत मिळून सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले, काही ठिकाणी तेरा तासांपर्यंत. बंद पडलेली वीजकेंद्रे पुन्हा चालू करावयाची तर त्यांचे पंप आणि पंखे चालले पाहिजेत, आणि त्यांना वीज हवी. ती बाहेरून येणार कोठून? ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी भारतात उत्तरेकडील ग्रिड कोसळले; दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पूर्वेचे आणि ईशान्येचेही गेले, आणि साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. महाराष्ट्र ज्यात येतो ते पश्चिमेचे ग्रिड शाबूत राहिले, आणि शेजाऱ्यांची केंद्रे उठवण्यासाठी त्याची वीज उपयोगी पडली. ही वाटी फार मोठी होती, एवढाच फरक.

आज काही लहान जनरेटरांत पुन्हा कायमचेच चुंबक बसवतात. दुर्मिळ मृदा-धातूंचे हे चुंबक पिक्सीच्या पोलादापेक्षा शतपटीने सरस असल्याने तेथे विरजणाचा प्रश्नच उरत नाही. पण मोठी केंद्रे अद्याप विद्युच्चुंबकांवरच चालतात, आणि त्यांना आरंभीचा अंश कोठून तरी मिळावाच लागतो. दवाखान्यातला जनरेटर महिन्यातून एकदा भार जोडून थोडा वेळ चालवावा, असे जे सांगतात, त्यामागे तेलाइतकेच हेही कारण आहे. विरजण वापरात ठेवले, तर टिकते. गरजेच्या रात्रीच त्याची आठवण झाली, तर उशीर झालेला असतो.