दुर्मीळ साधनाची वाटणी : आभासी संगणक आणि सामायिक इंटरनेट यांचा इतिहास

प्रस्तावना :

साकोली हे भंडारा जिल्ह्यातील, नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण. अशा ठिकाणच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत एक प्रश्न वर्षानुवर्षे उभा राहत आला आहे. चांगला संगणक एखादाच असतो, इंटरनेटची जोडणी एकच असते आणि शिकू पाहणारे विद्यार्थी मात्र अनेक असतात. लिनक्स प्रणालीच्या एका संगणकावर अनेक आभासी संगणक उभे करणे आणि एकाच जोडणीतून त्या सर्वांना इंटरनेटचा वाटा देणे, हे या प्रश्नाचे आज सहज उपलब्ध असलेले उत्तर होय. एखादा जिज्ञासू विद्यार्थी ते काही तासांत शिकू शकतो. तथापि या उत्तरामागे सुमारे सहा दशकांचा इतिहास आहे, याची जाणीव अभ्यासक्रमात क्वचितच करून दिली जाते.

आभासी संगणक आणि सामायिक इंटरनेट ही दोन तंत्रे वेगवेगळ्या काळात व वेगवेगळ्या ठिकाणी जन्मली. परंतु दोहोंचे कारण एकच होते, ते म्हणजे साधनाची टंचाई. या दोन्ही तंत्रांचा विकास तपासणे आणि त्यातून ग्रामीण भागातील उच्च शिक्षणासाठी कोणता बोध निघतो याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वाटणीची स्थानिक परंपरा :

मर्यादित साधनाची वाटणी ही कल्पना या भूमीला नवी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पूर्वजांनी बांधलेले हजारो तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळापासून विशेषतः कोहळी समाजाने या कामात मोठे कौशल्य मिळविले. पावसाचे पाणी पाळ बांधून अडवायचे आणि धानाला गरज असेल तेव्हा नहरांनी बांधीबांधीत पोहोचवायचे, ही त्यामागची योजना. तलाव एक, शेतकरी अनेक. म्हणून कोणाला केव्हा आणि किती पाणी मिळावे याचे नियम ठरलेले असत. ब्रिटिश काळात गावाचे रिवाज व निस्ताराचे हक्क वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात नोंदविले जात.

मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात झाला आणि १९५१ मध्ये अमलात आला. तलाव शासनाच्या ताब्यात गेले व त्यांना ‘माजी मालगुजारी’ अर्थात ‘मामा’ तलाव हे नाव पडले. मालगुजारीचा अंत ही न्याय्यच गोष्ट होती. परंतु गाळ काढणे, पाळ राखणे आणि पाणी सोडणे या कामांचे ज्ञान व जबाबदारी गावापासून दूर गेली आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. साधनाची वाटणी पाणी सोडण्याचे दार कोणाच्या हाती आहे यावरही अवलंबून असते, हा या इतिहासाचा धडा संगणकाच्या इतिहासातही वारंवार प्रत्ययास येतो.

एक यंत्र, अनेक वाटेकरी :

१९६० च्या दशकात संगणक हे अत्यंत महागडे यंत्र होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला, तेव्हा इतर संस्थांतील संशोधकही त्याचा उपयोग करून घेत. छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा द्यावा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे, अशी त्या काळची पद्धत होती. यंत्र एका वेळी एकाचेच काम करी.

याच सुमारास अमेरिकेत आयबीएमच्या केंब्रिज येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग शोधला. संगणकाचा वेळ वाटून देण्याचे प्रयोग इतरत्रही चालू होते. परंतु या गटाने प्रत्येक वापरकर्त्याला संपूर्ण संगणकच मिळाल्याचा भास निर्माण करण्याचे ठरविले. १९६७ मध्ये कार्यान्वित झालेल्या त्यांच्या सीपी-४० या प्रणालीत एका यंत्रावर एकाच वेळी चौदा आभासी संगणक चालत. प्रत्येकाला आपली स्मृती व आपली उपकरणे स्वतंत्र आहेत असे वाटे. त्या सर्वांवर एक नियंत्रक आज्ञावली देखरेख करी. आज तिला हायपरवायझर म्हणतात. याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने १९७२ मध्ये जाहीर केली.

या अनुभवाला सैद्धांतिक आधार मिळाला तो १९७४ मध्ये. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी कोणत्या यंत्राची अशी विभागणी शक्य आहे याचा निकष मांडला. त्याचे सार असे की, यंत्राची स्थिती बदलणारी किंवा तिच्यावर अवलंबून असणारी प्रत्येक संवेदनशील आज्ञा नियंत्रकाच्या नजरेखालून गेली पाहिजे. पुढे घराघरांत पोहोचलेल्या इंटेलच्या प्रक्रियकांना हा निकष लागू पडत नव्हता. पेंटियम प्रक्रियकातील सतरा आज्ञा नियंत्रकाला चुकवून जातात, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दाखविण्यात आले. परिणामी, आभासी संगणकाचे तंत्र दीर्घकाळ मोठ्या संस्थांच्या मोठ्या यंत्रांपुरतेच सीमित राहिले.

एक तार, अनेक वाटेकरी :

दुसरा प्रवाह संपर्काच्या टंचाईतून निघाला. भारतात १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एनसीएसटी आणि स्वतः तो विभाग असे आठ सहभागी त्यात होते. प्रारंभीच्या काळात या जाळ्याचा परदेशाशी दुवा मुंबईच्या एनसीएसटीमधून जात असे. एका शहरातील एका संस्थेच्या दारातून देशातील संशोधकांचा पत्रव्यवहार बाहेर पडत होता.

सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या वेळी दोन प्रकारची खाती मिळत. स्वस्त खात्यावर केवळ अक्षरे दिसत, कारण वापरकर्त्याचा संगणक प्रत्यक्ष इंटरनेटवर नसे. तो सेवादात्याच्या यंत्रावरील एक पडदा असे. महाग खात्यावर मात्र स्वतःचा संगणक इंटरनेटचा घटक बने. ही दरी जगात अन्यत्रही होती आणि ती बुजविण्यासाठी डॅनी गॅस्परोव्हस्की यांनी १९९५ च्या सुमारास स्लर्प ही छोटी आज्ञावली लिहिली. सेवादात्याच्या यंत्रावर ती एका साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात चाले आणि स्वस्त खात्यालाही इंटरनेटच्या पूर्ण जोडणीचे रूप देई.

दरम्यान आणखी एक टंचाई स्पष्ट होऊ लागली होती. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि आयपीव्ही४ पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यावर तात्पुरता उपाय म्हणून मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ या दस्तऐवजाने पत्ता-रूपांतराची पद्धत सुचविली. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे आपल्या परिचयाचे पत्ते त्यांतलेच. आतील यंत्रांनी खासगी पत्ते वापरावेत आणि दारावरील यंत्राने त्यांची पत्रे स्वतःच्या नावाने बाहेर पाठवावीत, आलेली उत्तरे नोंदवही पाहून ज्याची त्याला द्यावीत, असे या योजनेचे स्वरूप आहे.

जून १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.० मध्ये ही सोय ‘मास्करेडिंग’, म्हणजे सोंग घेणे, या समर्पक नावाने अंतर्भूत होती. जुना संगणक, एक मोडेम आणि लिनक्स एवढ्या सामग्रीवर संपूर्ण प्रयोगशाळेला एका दूरध्वनी जोडणीतून इंटरनेट देता येऊ लागले. पुढे १९९९ मध्ये आयपीचेन्स, २००१ मध्ये आयपीटेबल्स आणि २०१४ मध्ये एनएफटेबल्स अशी या नियमव्यवस्थेची रूपे बदलत गेली. मूळ तत्त्व तेच राहिले.

दोन प्रवाहांचा संगम :

१९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने साध्या वैयक्तिक संगणकावर आभासी संगणक चालविणारे उत्पादन बाजारात आणले. नियंत्रकाला चुकवून जाणाऱ्या आज्ञा चालता चालता बदलण्याची युक्ती त्यात होती. २००३ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून झेन ही प्रणाली पुढे आली आणि त्याच वर्षी फाब्रिस बेलार यांनी क्यूईएमयू प्रकाशित केले. २००५ व २००६ मध्ये अनुक्रमे इंटेल व एएमडी यांनी प्रक्रियकातच आवश्यक सुधारणा केली. तिचा लाभ घेणारी केव्हीएम ही प्रणाली फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० चा भाग बनली. आयबीएमच्या प्रयोगशाळेत जन्मलेले तंत्र चाळीस वर्षांनी कोणत्याही विद्यार्थ्याला विनामूल्य, आणि आतील रचनेसह, उपलब्ध झाले.

या संगमाची एक खूण लक्षणीय आहे. आभासी संगणकाला इंटरनेट कसे द्यावे, हा प्रश्न क्यूईएमयूपुढे उभा राहिला तेव्हा उत्तर म्हणून स्लर्पचीच आज्ञावली स्वीकारण्यात आली. व्हर्च्युअलबॉक्सनेही तिचाच आधार घेतला. या प्रणालींत नव्या आभासी संगणकाला सामान्यतः मिळणारा १०.०.२.१५ हा पत्ता मूळ स्लर्पपासून चालत आलेला आहे. दूरध्वनीच्या तारेवरील गरिबीसाठी काढलेला तोडगा आजच्या यंत्रांत असा जिवंत आहे.

प्रत्यक्ष व्यवस्था समजण्यास कठीण नाही. मूळ संगणकाला यजमान आणि आभासी संगणकाला पाहुणा म्हणतात. लिबव्हर्ट या साधनाने पाहुणे निर्माण केल्यास यजमानावर एक काल्पनिक जोडफळी तयार होते. सर्वसाधारणपणे तिचा पत्ता १९२.१६८.१२२.१ असतो आणि पाहुण्यांना त्याच मालिकेतील पत्ते आपोआप मिळतात. एका जाळ्यातील पत्रे दुसऱ्यात पुढे पाठविण्याची मुभा लिनक्समध्ये मूलतः बंद असते. ती उघडावी लागते. त्यानंतर रूपांतराचा नियम घातला की पाहुणे यजमानाच्या नावाने बाहेर जाऊ लागतात. पाहुण्यांना बाहेरच्या जाळ्यात थेट बसविण्याचा दुसरा मार्गही आहे. पण यजमान वायफायने जोडलेला असेल तर तो बहुधा चालत नाही, कारण वायफायचे केंद्र केवळ स्वतःशी नोंदलेल्या यंत्राचीच पत्रे स्वीकारते. तेथे पत्ता-रूपांतर हाच व्यवहार्य उपाय ठरतो. स्मृतीच्या वाटणीतही काटकसर साधता येते. अनेक पाहुण्यांकडे एकच प्रणाली असल्यास त्यांच्या स्मृतीतील समान पाने एकदाच ठेवण्याची सोय लिनक्समध्ये २००९ पासून आहे.

वाटणीची किंमत :

येथवरचा इतिहास यशाचा वाटतो. परंतु त्याला दुसरी बाजू आहे. पत्ता-रूपांतर करणाऱ्या दारातून आतील माणूस बाहेर जाऊ शकतो, बाहेरील माणूस मात्र स्वतःहून आत येऊ शकत नाही. नोंदवहीत ज्याची नोंद नाही, असे पत्र दारावरच थांबते. यातून काही सुरक्षितता लाभते हे खरे. पण त्याबरोबर आतील प्रत्येक यंत्र केवळ ग्राहक बनते. साकोलीतील विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर धानाच्या वाणांची किंवा मामा तलावांची माहिती मांडली, तर ती नागपूरच्या वाचकाला थेट दिसावी यासाठी दारावर वेगळा नियम लिहावा लागतो. दार महाविद्यालयाच्या संगणकावर असेल तर हा नियम तेथील शिक्षक लिहू शकतो. दार दूरच्या सेवादात्याकडे असेल, आणि अनेक जोडण्यांत ते तसेच असते, तर त्याच्या हाती काहीच राहत नाही.

आयपीव्ही४ च्या पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. त्यानंतर तात्पुरता म्हणून काढलेला उपाय अधिकच रुजला. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाईच नाही आणि तिच्या वापरात भारत आज जगातील अग्रणी देशांत गणला जातो. तथापि हा प्रसार मुख्यतः मोबाइल जाळ्यांमुळे झाला आहे. पत्ता मिळाला म्हणजे दाराचे ज्ञान मिळाले, असे होत नाही.

शासकीय पातळीवर २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मान्यता मिळाली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध करून दिले. या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. परंतु पुरविलेली जोडणी वापरणे आणि ती स्वतः वाटता येणे यांत अंतर आहे. ते अंतर महाविद्यालयातच भरून निघू शकते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, आभासी संगणक आणि सामायिक इंटरनेट ही समृद्धीची नव्हे तर टंचाईची अपत्ये आहेत. म्हणून कमी साधने असलेल्या महाविद्यालयांनी त्यांना परके मानण्याचे कारण नाही. दुसरी, लिनक्समुळे ही तंत्रे विनामूल्य झाली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांची रचना पाहण्याजोगी झाली. तिसरी, प्रत्येक वाटणीला एक दार असते आणि ते चालविण्याचे ज्ञान ज्याच्याकडे असेल, त्याच्याच इच्छेने साधन वाहते.

याकरिता विज्ञान शाखेच्याच नव्हे तर कला व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांनीही एकदा तरी स्वतःच्या हाताने एक यजमान, दोन पाहुणे आणि त्यांच्यामधील दार उभे करून पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यासाठी एक बरा संगणक आणि एक जोडणी पुरेशी आहे. मामा तलावांच्या बाबतीत पाळ आणि नहर शिल्लक राहिली, पण ती सांभाळण्याचे ज्ञान विरळ होत गेले. संगणकाच्या बाबतीत ती चूक टाळणे अजून आपल्या हाती आहे.