जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) : हिब्रू धर्मग्रंथांचे मराठी भाषांतरकार

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा विचार करताना संस्कृत व इंग्रजी ग्रंथांच्या मराठी भाषांतरांची चर्चा विस्ताराने होते. हिब्रू भाषेतून मराठीत आलेल्या धार्मिक वाङ्मयाची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. या वाङ्मयाचे एक प्रमुख शिल्पकार म्हणजे जोसेफ इझेकिएल राजपूरकर होत. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनकार्याचा व त्यामागील सामाजिक गरजेचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
राजपूरकर हे बेने इस्रायल समाजातील होते. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटल्याने किनाऱ्याला लागले. कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवीत असे. त्यामुळे त्यास 'शनवार तेली' असे नाव पडले. सुंता, शब्बाथ, आहाराचे नियम व 'शेमा' ही प्रार्थना या समाजाने जपली. परंतु हिब्रू भाषेचे ज्ञान त्याच्यापाशी उरले नव्हते. मराठी हीच त्याची मातृभाषा झाली आणि गावाच्या नावापुढे 'कर' लावून आडनावे रूढ झाली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. १८३२ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले, तर १८४६ मध्ये वल्हांडण सणाचा 'हग्गादा' मराठी भाषांतरासह मुंबईत छापला गेला. राजपूरकरांच्या कार्याची भूमी अशी तयार झाली होती.

जीवन व कार्य :
मुंबईतील डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेत राजपूरकर शिक्षक झाले. १८६१ मध्ये ते मुख्याध्यापक झाले व सुमारे ४० वर्षे त्या पदावर राहिले. ही शाळा बगदादी ज्यू घराण्याने स्थापन केलेली होती. बगदादी ज्यू व बेने इस्रायल यांच्यात सामाजिक अंतर होते, हे लक्षात घेता एका बेने इस्रायल शिक्षकाकडे तिची धुरा दीर्घकाळ राहणे उल्लेखनीय ठरते. १८७१ मध्ये मुंबई विद्यापीठाचे हिब्रू परीक्षक म्हणून त्यांची नियुक्ती झाली आणि १८७९ मध्ये ते विद्यापीठाचे फेलो झाले.

हिब्रू प्रार्थनावाङ्मयातील वीसहून अधिक ग्रंथ त्यांनी मराठीत आणले. त्याखेरीज हिब्रू संक्षेपांवरही त्यांनी एक पुस्तक लिहिले. रब्बींच्या ग्रंथांत अनेक शब्दांची केवळ आद्याक्षरे लिहिण्याची पद्धत आहे. ती उलगडल्याशिवाय भाषा जाणणाराही वाचक अडखळतो. राजपूरकरांचा पिंड अध्यापकाचा होता, हे या पुस्तकावरून दिसते.

कार्याचे मूल्यमापन :
या भाषांतरांमुळे प्रार्थना केवळ उच्चारण्याची न राहता समजून घेण्याची बाब झाली. पूर्वी समाजाला धर्मज्ञानासाठी कोचीनचे ज्यू शिक्षक अथवा ख्रिस्ती मिशनरी यांच्यावर अवलंबून राहावे लागे. आता समाजातीलच विद्वान ते ज्ञान मातृभाषेत देऊ लागला. मूळ हिब्रूला दूर न सारता तिच्याकडे नेणारी वाट म्हणून मराठीचा उपयोग झाला, हे विशेष होय.

पुढे १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी विवाहाच्या संदर्भात त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेण्यात आली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये इस्रायल सरकारने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. ज्या समाजाच्या धर्मनिष्ठेबद्दल प्रश्न विचारला गेला, त्याने शतकभर आधीच आपली उपासना मूळ ग्रंथांच्या आधारे मातृभाषेत मांडली होती, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

समारोप :
ठाणे शहरातील १८७९ चे 'शाआर हाशामाईम' हे प्रार्थनामंदिर या समाजाच्या जिल्ह्यातील वास्तव्याची साक्ष देते. धसई, मुरबाड, शहापूर या भागातील महाविद्यालयांतून स्थानिक इतिहासाचे प्रकल्प हाती घेतले जातात, तेव्हा किल्ले व मंदिरे यांच्याबरोबर अशा लहान समाजांच्या मुद्रित मराठी ग्रंथांचाही साधन म्हणून विचार व्हावयास हवा. मराठी ही अनेक धर्मांच्या उपासनेची भाषा आहे, हे राजपूरकरांच्या कार्यावरून सिद्ध होते.